खापरपणजोबांचं नाव 'धोंडो' का ठेवलं असेल? जुने कागद वाचणाऱ्याचं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: जमिनीच्या जुन्या कागदात खापरपणजोबांचं नाव 'धोंडो बिन विसाजी', म्हणजे विसाजींचा मुलगा धोंडो, असं निघालं. वडील म्हणतात हे अडाणी, गरीब लोकांचं नाव, दगड हे काय नाव झालं, चारचौघात सांगू नकोस. आत्या म्हणते मूळ नाव धुंडिराज, म्हणजे गणपतीचं, कारकुनानं वाट्टेल तसं लिहिलं. आणि तुमच्याकडे थोड्याच दिवसात बाळ येणार आहे, मुलगा झाला तर घराण्यातलं जुनं नाव ठेवावं असं तुमच्या मनात आहे, म्हणून तुम्हाला या नावाचा खरा अर्थ आणि इतिहास हवाय.

मी मोडी, म्हणजे जुन्या कागदांची लिपी, वाचतो आणि लोकांच्या घरच्या वंशावळी लावून देतो, बरीच वर्षं हेच काम. धोंडो, धोंडू, धोंडीबा, धोंडी ही नावं माझ्या हाताखालून इतकी जातात की त्यावर सविस्तर लिहायचं कधीचं मनात होतं. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणबी नोंदी शोधायच्या निमित्तानं घरोघर जुने कागद उघडले गेले आणि हाच प्रश्न मला फार लोकांनी विचारला, अगदी थोडं खजील होऊन विचारतात, ते मला बघवत नाही.

धोंडा म्हणजे दगड हे सगळ्यांना येतं, त्यासाठी कुणी माझ्याकडे येत नाही. आईबापांनी पोटच्या पोराला दगड का म्हणावं, हे समजून घ्यायचंय. आणि त्याचं उत्तर प्रत्येक घरात एकच नसतं हे आधीच सांगतो. हे नाव घरात यायला चार वाटा आहेत आणि तुमच्या घरात ते कुठल्या वाटेनं आलं हे कागद बघूनच ठरेल. तरी सगळ्यात जास्त वेळा भेटणारी वाट पहिली, आणि तुमच्या वडिलांना नेमकी तीच माहीत नसावी असं वाटतं.

ती वाट म्हणजे आधीची मुलं जगलेली नसणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या हजार मुलांपैकी दोनशेच्या वर मुलं वर्षाच्या आत जात होती. ही सरासरी झाली, दुष्काळाच्या, पटकीच्या, देवीच्या साथीच्या वर्षात एखाद्या गावात काय होत असेल ते त्यावरून ओळखा. लागोपाठ दोन-तीन मुलं गेली की घर हादरून जायचं, आणि समजूत अशी की चांगल्या, गोजिऱ्या, गोड नावाच्या मुलावर नजर लागते, सटवाईची म्हणा, भुताखेताची म्हणा, काळाची म्हणा. मग पुढचं मूल झालं की त्याला असं नाव द्यायचं की त्याच्याकडे कुणी ढुंकून बघू नये. दगड, केर, कोंडा, उकिरडा. हा दगड आहे, हा उचलून न्यायच्या लायकीचा नाही, दुसरीकडे जा, असं त्या नावातून काळाला सांगायचं. त्यात दगडासारखा टिकू दे ही इच्छाही होतीच, ऊन-पाऊस काही होवो, दगड जागचा हलत नाही.

नावाबरोबर विधीही असायचे. मूल सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं आणि दुसऱ्या बाईनं ते 'सापडलं' म्हणून उचलून आणायचं, म्हणजे ते या अभागी आईचं राहिलं नाही. उकिरड्यावरून उचलला तो खानदेशात उखर्डू, विदर्भात उकर्डा, उकंडराव. मूठभर कोंडा देऊन दाईकडून 'विकत' घेतला तो कोंडिबा. चार घरी भीक मागून त्या पैशाचं अंगडं शिवलं तो भिकाजी, भिकू, भिकोबा. मुलीसारखं नाक टोचून नथ घातली तो नथू, नथोबा. केरावरून केरू, केरोबा, केरोपंत. दगडू तर आहेच. मुलींमध्ये धोंडूबाई, दगडाबाई, भिकाबाई, केराबाई. हे सगळं एकच मोठं कुटुंब आहे नावांचं आणि धोंडो त्यातला थोरला म्हणा.

एका घराच्या नोंदी मला अजून लख्ख आठवतात, गाव कोकणातलं, बाकी ओळख सांगत नाही. कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची पानं, जुना जाड कागद, कडा झिजलेल्या, टाक न उचलता लिहिलेली मोडीतली ओळ. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, बापाचं नाव आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच, कारण नोंद व्हायची तेव्हा बारसंच झालेलं नसायचं. तर या बापाच्या नावापुढे काही वर्षांच्या अंतरात तीन मयत नोंदी: मुलगा, दोन महिने, ताप. मुलगी, एक वर्ष, देवी. मुलगा, बारा दिवस, आणि आजाराचा रकाना कोरा. बारा दिवस म्हणजे बारशाचाच दिवस. याच माणसाची पुढची मुलं मला शाळेच्या जनरल रजिस्टरात भेटली: पहिला धोंडू, त्याच्या पाठचा भिकू, आणि मग मुलगी, तिचं नाव शांता. बघा, दोन मुलं जगली, जरा धीर आला, तेव्हा कुठे त्या घरात पुन्हा साधं गोड नाव ठेवायची हिंमत झाली. नावांची नुसती ओळ लावली तरी त्या आईचं काय झालं असेल ते दिसतं. म्हणून धोंडो नावाचा अर्थ कुणी विचारला की मी आधी भावंडांची नावं विचारतो.

आता वडिलांचं म्हणणं, अडाणी, गरीब लोकांचं नाव. हे कागद बघून अजिबात टिकत नाही. महर्षी कर्वे, धोंडो केशव कर्वे, जन्म १८५८. विधवाविवाह स्वतः केला, हिंगण्याला आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ उभं केलं, १९५८ साली भारतरत्न, आणि १९६२ साली गेले तेव्हा वय १०४. त्यांना ते नाव कशावरून मिळालं ते मी इथे सांगत नाही, पण 'दगडासारखा टिको' अशी इच्छा कुठल्या धोंडोच्या बाबतीत फळली असेल तर ती त्यांच्या. आणि त्यांनी ते नाव बदललं नाही, झाकलंही नाही. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे, दुसऱ्या बाजीरावांनी दत्तक घेतलेले, त्यांचं नाव धोंडोपंत. इंग्रजांच्या कागदात ते 'नाना धोंडोपंत' असेच येतात, आणि हिंदीत जाता जाता त्याचं 'धुंधूपंत' झालं, त्यामुळे उत्तरेकडच्या शाळकरी मुलांनाही हे नाव पाठ आहे फक्त त्यात दगड आहे हे त्यांना माहीत नसतं.

यातलं मला सगळ्यात बोलकं वाटतं ते १८०० सालचं उदाहरण. टिपूच्या कैदेतून श्रीरंगपट्टण पडल्यावर सुटलेला धोंडिया वाघ कर्नाटकात धुमाकूळ घालत होता, त्याच्यावर पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले चालून गेले, आणि त्या लढाईत धोंडोपंत मारले गेले. हे बापू गोखल्यांचे चुलते. पुढे सप्टेंबर १८०० मध्ये इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीच्या फौजेनं धोंडिया वाघाला गाठून मारलं. म्हणजे एका बाजूला पेशव्यांचा ब्राह्मण सरदार, दुसऱ्या बाजूला स्वतःच्या हिमतीवर फौज जमवणारा लढवय्या, आणि दोघांचं नाव मुळात एकच. मृत्यू सगळ्यांच्या घरी येत होता म्हणून हे नावही सगळ्यांच्या घरी होतं. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती संवादाच्या रूपात, त्यात जोतीरावांना प्रश्न विचारणारा माणूसही धोंडीबाच. ते नाव तिथे आलं कारण गावोगाव ते असायचंच.

केरोपंतांचंही सांगतो. केरो लक्ष्मण छत्रे, एकोणिसाव्या शतकातले नामांकित गणिती आणि ज्योतिर्विद, टिळकांचे गुरू, आणि नावात काय तर केर. पुण्यातला सगळ्यात प्रसिद्ध गणपती ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते हलवाई दगडूशेठ, नावात दगड. बायकांत जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी, केसरबाई केरकरांच्या शिष्या, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामात मराठवाड्यात लढलेल्या दगडाबाई शेळके. हे महाराष्ट्रापुरतंही नाही, तमिळ मुलखातल्या कुप्पुस्वामी नावात 'कुप्पै' म्हणजे केरकचराच आहे, उत्तरेत घसीटा, छेदी अशी नावं त्याच कारणानं पडायची. घाबरलेले आईबाप सगळीकडे सारखेच वागले.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवतो कारण लोक तिची गल्लत करतात. नकुशी, नकोशी ही नावं या कुटुंबातली नाहीत. ती मुलगी नको होती म्हणून ठेवलेली नावं, २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली ते बरोबरच झालं. धोंडूबाई मात्र हवी होती म्हणून धोंडूबाई. वरवर दोन्ही नावं सारखी हिणवणारी वाटतात पण एकीत मुलीला ढकललंय आणि दुसरीत घट्ट धरून ठेवलंय. तुमच्या वंशावळीत दोन्ही प्रकारची नावं निघाली तर कृपा करून एका ओळीत बसवू नका.

दुसरी वाट अधिक महिन्याची. आपलं चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ चं, दर वर्षी अकरा दिवसांचा फरक पडतो, तो भरून काढायला सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात. पंचांगात तो अधिक मास किंवा मलमास, वैष्णवांचा पुरुषोत्तम मास, आणि आपल्या बोलण्यात धोंड्याचा महिना. २०२३ ला श्रावण अधिक होता, २०२६ ला ज्येष्ठ. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, हे तुमच्याकडेही असेलच. लग्नमुंजी या महिन्यात करत नाहीत पण मूल काही महिना बघून जन्माला येत नाही, आणि बारसं ठरल्या दिवशीच करायचं असल्यानं ते अधिकातही होतं. अशा मुलाला धोंडो, धोंडीराम म्हणायचे, नाहीतर पुरुषोत्तम. सातारा-सांगलीकडे अधिकराव हे नाव ऐकलं असेल, तेही याच घरातलं. इथे मेलेल्या भावंडांचा काही संबंध नाही, बुधवारी झाला तो बुधा, सोमवारी झाला तो सोमा, तशातलंच हे.

तिसरी वाट आत्याची. ढुंढिराज हा काशीतला गणपती, विश्वनाथाच्या देवळाजवळच्या गल्लीत आहे, काशीयात्रा त्याच्या दर्शनाशिवाय पुरी होत नाही असं मानतात. स्कंदपुराणातल्या काशीखंडात कथा आहे की दिवोदास राजाच्या काळात शंकराला काशी सोडावी लागली होती, गणपतीनं ज्योतिषाचं रूप घेऊन ती परत मिळवून दिली, आणि ढुंढी हे नाव शोधणे या अर्थाच्या धातूवरून आलं असंही तिथेच सांगितलंय. मराठीत त्याचं धुंडिराज झालं. दादासाहेब फाळके, धुंडिराज गोविंद फाळके, त्र्यंबकेश्वरचे, १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' काढणारे, त्यांचं नाव हे. म्हणजे धुंडिराज हे खरंखुरं स्वतंत्र नाव आहे, आणि धुंडिराजाला घरात लाडानं धोंडू म्हणणं अगदी शक्य आहे. आत्या चुकीचीच असेल असं मी म्हणत नाही.

पण माझ्या अनुभवात उलटा प्रवास जास्त दिसतो. आजोबा सगळ्या कागदात धोंडो, स्वतःची सही धोंडो, आणि नातवंडं शहरात आली, शिकली, की त्यांच्या बोलण्यात आजोबा हळूहळू धुंडिराज व्हायला लागतात. दगडाची लाज वाटते, गणपतीचा अभिमान वाटतो, मग सोयीचा अर्थ मागाहून चिकटवला जातो. मला याचं वाईट वाटतं ते एवढ्याचसाठी की त्यात त्या खापरपणजीची गोष्ट पुसली जाते. तिनं तीन मुलं पुरून चौथं वाचावं म्हणून काळजावर दगड ठेवून ते नाव घेतलेलं असतं, आणि आपण चार पिढ्यांनी म्हणतो कारकुनाची चूक.

कारकुनाचंच निघालं म्हणून सांगतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, ऱ्हस्व उकार आणि दीर्घ उकार एकच, त्यामुळे नावं वाचताना घोळ होतात हे खरं. पण 'धोंडो' आणि 'धुंडिराज' यात नुसता उकाराचा फरक नाही, पुढे 'राज' ही दोन अक्षरं आहेत, ती लिहायला आळस केला असं एखाद्या कागदात होईल, सगळ्या कागदांत होणार नाही. तुमच्याकडे किती कागदांत धोंडो आहे ते मोजा. एकातच असेल तर आत्याला वाव आहे, चार-पाच वेगवेगळ्या वर्षांच्या कागदांत असेल तर नाही.

आणि शेवटचा 'ओ' बघून कमी लेखायचं काही कारण नाही. ती त्या काळची नावं छोटी करायची सरळ पद्धत होती. नारायणाचा नारो, मोरेश्वराचा मोरो, विश्वनाथाचा विसो, रंगनाथाचा रंगो. शिवाजी महाराजांचे पेशवे मोरो त्रिंबक पिंगळे, नाशिकच्या घंटेवाले नारो शंकर, साताऱ्याच्या छत्रपतींची बाजू मांडायला विलायतेला गेलेले रंगो बापूजी. सरकारी कागदात, शिक्क्यात, सनदेत हीच नावं. त्यापुढे मान द्यायला पंत लागलं की मोरोपंत, नारोपंत, धोंडोपंत. शेतकरी, धनगर घरांत तेच धोंडीबा, धोंडजी, तळकोकणात आणि गोव्यात धोंडू. तुमच्या कागदातला 'विसाजी'सुद्धा याच विसोचा भाऊ. गोव्याचा विषय निघाला म्हणून एक सावधगिरी, शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत व्रत करून होमकुंडातून चालणाऱ्या भक्तांना धोंड म्हणतात, तो शब्द आणि हे नाव एकत्र करू नका, कुणी तसं सांगितलं तर पुरावा मागा.

चौथी वाट सगळ्यात साधी आणि लोक तीच विसरतात. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल. एकदा धोंडो घरात आला आणि म्हातारा होऊन गेला, की त्याच्या नातवाचं नाव धोंडो. त्या नातवाच्या आधी कुणी मूल गेलेलं नसेल, तो अधिकात जन्मलेला नसेल, त्याच्यापुरता नावाचा अर्थ 'आमचे आजोबा' एवढाच. कोकणातल्या वंशावळीत एकाआड एक पिढी धोंडो, विसो, धोंडो, विसो अशी दिसते. तुमचे धोंडो विसाजींचे चिरंजीव, तर विसाजींच्या वडिलांचं नाव काय होतं ते आधी शोधा. तेही धोंडो निघाले तर मूळ प्रश्न आणखी दोन पिढ्या मागे सरकतो.

आता शोधायचं कसं. पहिलं, घरात जन्मपत्रिका आहे का बघा. गुंडाळीची लांब पत्रिका असते, हळदीकुंकवाचे डाग पडलेली, देवघरात नाहीतर जुन्या ट्रंकेत. त्यात शक, महिना, पक्ष, तिथी लिहिलेली असते, महिन्याच्या आधी 'अधिक' किंवा 'अ.' दिसलं तर प्रश्न तिथेच मिटला. जन्माचा महिना नुसता ढोबळ माहीत असला तरी उपयोग होतो, पौष-माघात अधिक मास येत नाही, म्हणजे जन्म जानेवारीच्या आसपासचा निघाला तर दुसरी वाट बंद. पत्रिकेत अजून एक गोष्ट बघा. आपल्याकडे नामकरणात देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहारातलं नाव अशी चार नावं ठेवायची पद्धत, त्यामुळे पत्रिकेत एक आणि हाक मारायला दुसरं असं सर्रास. टिळकांचं नाव केशव, पण जगाला ठाऊक बाळ. धोंडो हे हाकेचं नाव आणि पत्रिकेत धुंडिराज किंवा भलतंच काही असू शकतं. तसं निघालं तर आत्याचा मान राखा.

दुसरं, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गावाचं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूचा गाव नमुना नंबर १४. काही गावांची पुस्तकं चांगली राहिलीत, काहींची वाळवीनं खाल्लीत, ते गावावर आहे. तिथे विसाजींच्या नावापुढच्या सगळ्या नोंदी काढा, जन्मही आणि मृत्यूही. लोक फक्त आपल्या माणसाची नोंद काढून घेतात आणि परत येतात, मला तर आजूबाजूच्याच हव्या असतात. धोंडोंच्या आधीच्या पाच-सात वर्षांत लहान मुलांच्या मयत नोंदी निघाल्या की पहिली वाट जवळजवळ पक्की. तिसरं, घरातून कुणी काशी, त्र्यंबक, पंढरपूर, गोकर्णाला गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. त्यात भावंडांची, बायकांची नावंही असतात, जी सरकारी कागदात कधीच मिळत नाहीत. भावंडांत भिकाजी, दगडू, केरू दिसला तर मला कोतवाल बुकाचीही गरज वाटणार नाही. उलट भावंडं गणेश, मोरेश्वर, विनायक अशी असतील, कुलदैवत गणपती असेल, तर तिसऱ्या वाटेचं वजन वाढतं.

एक कळकळीनं सांगतो, शोध पुरा व्हायच्या आधी वंशावळीत काहीही सुधारू नका. वंशावळीत तुम्ही हौसेनं धुंडिराज लिहिलं आणि उद्या वारसनोंदीला किंवा जात पडताळणीला तोच कागद लावला, की जुन्या नोंदीतला धोंडो आणि तुमचा धुंडिराज हे एकच हे सिद्ध करत बसावं लागतं. धोंडो, धोंडू, धोंडी एवढा फरक समजावून सांगता येतो, धुंडिराजाला जास्त त्रास होतो. 'धोंडो ऊर्फ धुंडिराज' असं लिहायचं तर तसा एक तरी जुना कागद हातात हवा. नसेल तर कागदात आहे तेच, काना-मात्रेसकट.

राहिलं बाळाचं नाव. हा निर्णय तुमचा आणि तुमच्या बायकोचा, त्यात मी फक्त माझं मत देतो. शाळेत मुलं चिडवतील ही वडिलांची भीती खोटी नाही. 'धोंड्या' हा शब्द आज शिवीसारखाच वापरला जातो आणि पाच वर्षांच्या पोराला आपण खापरपणजीची गोष्ट सांगून वर्गात पाठवू शकत नाही. म्हणून मी असं करीन: बारशाला पाळण्यात ठेवायच्या नावांत धोंडो नक्की घ्यायचं, आत्यालाच कानात सांगायला लावायचं, आणि व्यवहाराला दुसरं नाव. अधिकाची वाट खरी निघाली तर पुरुषोत्तम हे त्याच महिन्याचं, रुळलेलं नाव आहे. गणपतीची निघाली तर धुंडिराज बिनधास्त ठेवा, आजही छान वाटतं. पहिली वाट निघाली तर मात्र त्याला धुंडिराजाचं झाकण घालू नका, आपलं साधं हवं ते नाव ठेवा, कारण त्या खापरपणजीला तेच करायचं होतं, आवडीचं गोड नाव ठेवायचं होतं, तिला ते परवडलं नाही. आणि एवढं सगळं ऐकूनही तुम्हा दोघांना धोंडो हेच जन्मदाखल्यावर हवं असेल तर मला मनापासून आनंद होईल, लोकांना काय वाटेल याची काळजी करू नका, कर्व्यांचं नाव पुढे करा.

घाई मात्र नको. जन्मनोंद वेळेत करा, नावाचा रकाना तेव्हा रिकामा ठेवता येतो. नाव पहिल्या वर्षात फुकट घालता येतं आणि नंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. तेवढ्या वेळात कोतवाल बुकाची नक्कल नक्की हातात येते. अर्ज करताना विसाजींचं नाव, गाव, तालुका आणि साधारण सालाचा पट्टा लिहा, धोंडोंच्या जन्माच्या दहा वर्षं आधीपासून दहा वर्षं नंतरपर्यंत मागा. नक्कल मोडीत असली तर पान सपाट ठेवून, फ्लॅश न मारता, चारही कोपरे येतील असा फोटो काढून इथे टाका. गावातल्या इतर लोकांची नावं त्यात असतात ती आधी झाका. वाचून कुठल्या रकान्यात काय लिहिलंय ते सांगतो.